जगाचे पोट आणि बीडचे पाणी

शेतीवरचे व्याख्यान असो की कृषिप्रदर्शनाचे उद्घाटन, हल्ली एका वाक्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही: 2050 पर्यंत जगाची लोकसंख्या हजार कोटींच्या घरात जाणार, तेव्हा उत्पादन वाढवा. हेच वाक्य बीडमधल्या व्यासपीठावरून बोलले गेले की त्याला पाय फुटतात. मग मागोमाग सगळे येते. कोरडवाहू शेती म्हणजे मागासलेपण, ज्वारी-बाजरी ही गरिबीची पिके, कालव्याचे पाणी बांधाला आले की ऊस लावा, नसेल आले तर सोयाबीन आणि कापूस. एकरी उत्पन्न वाढेल, देशाचे पोट भरेल, जगाचेही भरेल. याला जो हरकत घेईल तो प्रगतीचा शत्रू आणि उपाशी माणसांचा वैरी.

माझी हरकत आहे, आणि ती उपाशी माणसांच्या बाजूनेच आहे. जगाच्या भुकेचे नाव पुढे करून बीड जिल्ह्यात पाण्याची जी वाटणी चालली आहे, तिने जगाचे पोट भरत नाही. उलट एके काळी आपली भाकरी आपण पिकवणारा हा जिल्हा आता रेशनच्या गव्हा-तांदळावर येऊन बसला आहे.

आधी जे मान्य करायचे ते करून टाकतो. उत्पादनवाढ झाली नसती तर काय झाले असते हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, नालाबांधावर राबणाऱ्या पिढीने सुकडी खाल्ली आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या थापल्या. 1950-51 मध्ये देशात सुमारे 5 कोटी टन अन्नधान्य पिकत होते. 2023-24 मध्ये ते 33 कोटी टनांच्या आसपास गेले. त्याच काळात लोकसंख्या चौपट झाली आणि धान्य साडेसहा पट. पॉल अर्लिक या अमेरिकी लेखकाने 1968 मध्ये भारतातल्या उपासमारीचे जे भाकीत केले होते ते साफ कोसळले, त्यामागे संकरित बियाणे, खते आणि पाटबंधारे होते. हे नाकारणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पण याच आकड्यांतून दुसरीही गोष्ट निघते, आणि ती व्यासपीठावर कोणी सांगत नाही. धान्य माणसांपेक्षा वेगाने वाढले, तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची दर तीन मुलांपैकी एकाहून जास्त मुले वयाच्या मानाने खुजी निघाली आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. जगाचेही तेच. 2023 मध्ये सुमारे 73 कोटी माणसे भुकेली होती. त्याच्या आदल्या वर्षी घरे, खानावळी आणि दुकाने मिळून 105 कोटी टन अन्न फेकले गेले. भूक उत्पादनाच्या कमतरतेतून येत असती तर कोठारे भरल्यावर ती गेली असती. ती गेली नाही, कारण काय पिकते, कोणाच्या पाण्यावर पिकते आणि कोणाच्या ताटात जाते, हे प्रश्न ‘उत्पादन वाढवा’ या आरोळीत बुडून गेले.

आता बीडच्या शिवारात येऊ. बालाघाटच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेला गोदाकाठची आणि सिंदफणेच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन, माजलगाव-गेवराईची. आणि आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या बाजूला बरेचसे हलके, मुरमाड माळ. सरासरी पाऊस 65-70 सेंटिमीटरच्या आगेमागे, आणि तो सरासरीने पडत नाही. एखादे वर्ष कोरडे जाते, एखाद्या वर्षी 2025 च्या सप्टेंबरासारखा येतो आणि उभ्या पिकासकट माती खरडून नेतो. अशा जागी जुन्या माणसांनी पिकांची जी मांडणी बसवली होती ती गरिबीची नव्हती, जोखमीचा हिशेब करणारी होती. खरिपात बाजरी, तूर, मूग, मटकी, हुलगा. रब्बीत काळ्या रानात शाळू, म्हणजे मालदांडी ज्वारी, आणि तिच्या कडेने करडई, जवस. एक हुकले तर दुसरे हाती. धान्य माणसाला, कडबा गुरांना, करडईचे तेल घरच्या फोडणीला.

आज खरिपात नजर जाईल तिथवर कापूस आणि सोयाबीन. कापूस कोणी खात नाही, सरकीच्या तेला-पेंडीपुरताच त्याचा पोटाशी संबंध. सोयाबीनचा पाचवा हिस्सा तेल, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशी. देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, म्हणून सोयाबीनला मी उगाच झोडपणार नाही. पण ‘जगाला जेवू घालणारे पीक’ अशी त्याची भलामण होते तेव्हा एवढे विचारावे वाटते की परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’सारखे करडईचे वाण दिलेले असताना, जवळजवळ पाणी न मागणारे आणि रब्बीच्या ओलीवर येणारे हे तेलबियांचे पीक मराठवाड्यातून का हद्दपार झाले? काटे टोचतात, काढणीला मजूर मिळत नाही, हे खरेच. पण करडई आता यंत्राने काढता येते. मोंढ्यात तिला सोयाबीनसारखे गिऱ्हाईक उभे केले गेले नाही, एवढेच.

आणि ऊस. इथे जरा थांबावे लागेल, कारण सगळ्या युक्तिवादाचा खांब हाच आहे.

उसाला वर्षभरात दोन मीटरच्या आसपास पाणी लागते. बीडचा पाऊस पुरता मुळाशी गेला असे उदार मनाने धरले तरी सव्वा मीटरहून अधिक पाणी माजलगाव धरणातून, मांजरा प्रकल्पातून, विहिरीतून नाहीतर सातशे-आठशे फुटांच्या बोअरमधून उपसावे लागते. कृषिमूल्य आयोगाने दहा-बारा वर्षांपूर्वीच लिहून ठेवले की महाराष्ट्रात पिकांखालच्या क्षेत्राच्या 4 टक्क्यांहून कमी जागेवरचा ऊस सिंचनाचे सुमारे 70 टक्के पाणी पितो. एका हेक्टर उसाचे हे सव्वा मीटर पाणी रब्बी ज्वारीला दोन संरक्षित पाळ्या, प्रत्येकी सहा-सात सेंटिमीटरच्या, म्हणून दिले तर साधारण दहा हेक्टर भिजतात. राज्यातली सरासरी धारणा 1.34 हेक्टर. म्हणजे एका ऊसवाल्याचे पाणी सात घरांची रब्बी तारते.

यावर ऊसवाले जे उत्तर देतात ते लेचेपेचे नाही. ते म्हणतात, उष्मांक मोजा. हेक्टरी 80 टन ऊस, साडेदहा टक्के उतारा, म्हणजे आठ टनांवर साखर. तुमच्या दहा हेक्टर ज्वारीत त्या दोन पाळ्यांनी भर पडणार हेक्टरी सात-आठ क्विंटलची, एकूण सात-आठ टन. उष्मांकात साखरच पुढे. हिशेब बरोबर आहे. मीही तो करून पाहिला आहे. ढोबळ मानाने साखर पाव हिश्शाने सरस निघते. पण या तराजूत एकच माप ठेवले आहे. सात-आठ टन ज्वारीत सात-आठशे किलो प्रथिने असतात. आठ टन साखरेत शून्य. ज्वारीत लोह असते, साखरेत नसते. ज्वारीमागे कडबा असतो, ज्याच्यावर दावणीची जनावरे उन्हाळा काढतात, आणि ज्याच्याअभावी 2019 च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या. शिवाय ज्वारीचे पाणी हिवाळ्याच्या तीन-चार महिन्यांत लागते, उसाचे ऐन वैशाखातही लागते, जेव्हा गावात टँकर फिरत असतो. ज्या राज्यातल्या निम्म्या बायकांच्या अंगात रक्त नाही, तिथे भुकेचा हिशेब नुसत्या उष्मांकांत मांडणे ही लबाडी आहे.

ठिबकने ऊस करू, पाणी वाचेल, असे कोणी म्हणेल. वाचते, बरेच वाचते. पण वाचलेले पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकाला गेल्याचे क्वचितच दिसते. ते त्याच शेतकऱ्याच्या आणखी दोन एकर उसात जाते.

आणि ही साखर तरी कोणाच्या पोटात जाते? 2021-22 च्या हंगामात भारताने सुमारे 110 लाख टन साखर निर्यात केली. महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या घरात पाणी जाते. उत्तर प्रदेशात ते कमी लागते, म्हणून सरसकट किलोला हजार लिटरच धरू. तरी त्या एका वर्षात साखरेच्या पोत्यांतून निघून गेलेले पाणी जायकवाडीच्या जवळपास पावणेचार भरलेल्या धरणांएवढे होते. उरलेल्या उसाचा काही वाटा इथेनॉलला. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट 2025 मध्ये गाठल्याचा मोठा गाजावाजा झाला. परकीय चलन वाचत असेल, हवा थोडी स्वच्छ होत असेल, तो वाद वेगळा. पण मोटारीच्या टाकीला कृपा करून जगाचे पोट म्हणू नका.

मांजरा प्रकल्प केज तालुक्यात धनेगावला आहे. 2015-16 मध्ये तो आटला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहराला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच वर्षीच्या हंगामात मराठवाड्यातल्या कारखान्यांची धुराडी पेटली होती. 2019 मध्ये विभागीय आयुक्तालयानेच मराठवाड्यात उसावर बंदी घालावी अशी शिफारस सरकारकडे धाडली. तिचे पुढे काय झाले हे विचारायची गरज नाही. माजलगावच्या कालव्याने एक चक्कर मारली तरी कळते.

‘पण शेतकऱ्यालाच ऊस हवा आहे, तुम्ही कोण सांगणारे?’ हा सगळ्यात हुकमी प्रश्न, आणि तो विचारणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला नेहमी शंका येते. शेतकऱ्याला ऊस हवा आहे, कारण उसाला एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान दर, आहे. 2024-25 ला तो क्विंटलला 340 रुपये होता. पैसे उशिरा येतील, तुकड्यातुकड्याने येतील, त्यासाठी मोर्चा काढावा लागेल, पण गिऱ्हाईक ठरलेले. उसावर पाखरे बसत नाहीत, राखण नको, गोफण नको; गारपिटीत तो आडवा पडला तरी मरत नाही; आणि तोड कारखान्याची माणसे करतात. ज्वारीलाही हमीभाव आहे, मालदांडीला 2024-25 साठी तो 3,421 रुपये होता. पण शाळू मोंढ्यात नेल्यावर त्या भावाने घेणारा सरकारी काटा कुठे आहे? उसामागे कारखाना, कारखान्यामागे बँक, बँकेमागे आमदार. ज्वारीमागे कोणी नाही. अशा बाजारात शेतकऱ्याने ऊस निवडला तर ते त्याचे शहाणपणच आहे, पण त्याला स्वातंत्र्य म्हणू नये. ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायाने पिके ठरतात आणि नंतर त्यावर जगाच्या भुकेचा शिक्का मारला जातो.

आणि तोड कोण करते? इथे बीड जिल्हा पुन्हा येतो, या वेळी हात म्हणून. दसऱ्याचा मेळावा झाला की पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केजच्या माळावरची गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरे बरोबर, टायरगाडीत भांडीकुंडी, आणि पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक. काही लाख माणसे दरवर्षी सहा-सहा महिने कोपीत राहतात. एका दिवसाचा खाडा पडला तर दंड, म्हणून पाळीच्या दुखण्याची कटकटच नको म्हणत बायका गर्भाशय काढून टाकतात हे 2019 मध्ये उघड झाले. जिल्ह्यात तपासलेल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तेव्हा त्याचा सत्कार झाल्यासारखे वातावरण होते. वाढ हवीच होती. पण या माणसांना आपल्या गावात सहा महिने का राहता येत नाही, या प्रश्नाला दरवाढीचे उत्तर देता येत नाही. माळावरच्या रब्बीला एक-दोन पाळ्या पाणी मिळाले असते तर किती कोयते घरीच थांबले असते? सगळे थांबले असते असा माझा दावा नाही. निम्मे थांबले असते तरी मुकादमाला उचल वाढवावी लागली असती.

लोकसंख्यावाढीचा बागुलबुवा बीडला दाखवू नये, अशी माझी विनंती आहे. राज्याचा जननदर कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत 1.7 निघाला, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहायला लागतो त्याहूनही खाली. आणि या जिल्ह्याने ‘कमी मुले’ या उपदेशाचा कसा अर्थ लावला तो 2011 च्या जनगणनेत नोंदलेला आहे: सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 807. दहा वर्षांपूर्वी त्या 894 होत्या. ज्या जन्मल्याच नाहीत त्यांच्या पोटाची चिंता करायची गरज उरली नाही, असे कडवटपणे म्हणावेसे वाटते. जेवणारी तोंडे मोजण्याची सवय लागली की कोणाची तोंडे आधी वगळली जातात, ते इथे दिसले आहे.

दुसऱ्या बाजूच्या मंडळींनीही फार खूश होऊ नये. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत ज्वारीचा पिझ्झा आला, ‘श्रीअन्न’ नावाचे फलक लागले, आणि आष्टीच्या शेतकऱ्याने त्याच रब्बीत आणखी एक एकर ज्वारी कमी केली असेल तर मला नवल वाटणार नाही. भाकरीचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा शाळू उपटून पाहावा. धाटे मुळासकट ओढायची, पेंढ्या बांधायच्या, कणसे मोडायची. हे काम बव्हंशी बायका करतात आणि संध्याकाळी हाताच्या सालपटांना खोबरेल लावतात. ज्वारी परत आणायची तर काढणीचे चांगले यंत्र हवे, राखणीवर उपाय हवा, हेक्टरी सात-आठ क्विंटलवरून पंधरावर नेणारे वाण आणि पाणी हवे. म्हणजे विज्ञान हवे, आणि पुष्कळ हवे. ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण त्याच दिशेने टाकलेले पाऊल आहे. खते एका फटक्यात बंद केल्यावर काय होते ते 2021 मध्ये श्रीलंकेने दाखवले. एप्रिलमध्ये जाहीर झालेली बंदी नोव्हेंबरात गुंडाळावी लागली, तरी भाताचे पीक कोसळलेच. मला आजोबांची शेती परत नको आहे. आजोबांना जे पाणी मिळाले नाही, ते नातवाच्या ज्वारीला हवे आहे.

हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये, कारण महाराष्ट्रात हे करून झालेले आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम साधे होते: पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने, माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही पाण्याचा हक्क, ऊस घ्यायचा नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजारनेही ऊस आणि केळीला दूर ठेवले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. सरकारपुढेही आठमाही पाणीवाटपाची कल्पना अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांसारख्यांनी कधीचीच मांडून ठेवली होती: उन्हाळ्यात कालव्याने पाणी सोडायचेच नाही, म्हणजे बारमाही पिकाचा प्रश्न आपोआप सुटतो आणि तेवढ्याच पाण्यात कितीतरी अधिक गावे भिजतात. शहाणपणाची टंचाई या राज्यात कधीच नव्हती.

राहिला पैशाचा प्रश्न, जो शेवटी हमखास येतो. ज्वारी हमीभावाने घेऊन रेशनवर द्यायची तर तिजोरीवर बोजा पडेल, असे सांगतात. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्य लिहिलेले आहे. कर्नाटकाने रेशनवर नाचणी आणि ज्वारी देऊन दाखवली आहे. आज देशाच्या रेशन व्यवस्थेत जो गहू येतो त्याचा मोठा वाटा पिकवणाऱ्या पंजाबात, जमिनीत मुरते त्याच्या दीडपटीहून अधिक पाणी दरवर्षी उपसले जाते. तो बोजा कोणाच्या खात्यावर लिहायचा?

आणि तिजोरीचेच बोलायचे तर 2019-20 ची गोष्ट आठवावी. साखरेचे साठे फार झाले म्हणून केंद्र सरकारने 60 लाख टन साखर परदेशी घालवण्यासाठी कारखान्यांना टनामागे 10,448 रुपये अनुदान जाहीर केले. एकूण 6,268 कोटी. म्हणजे परक्या देशातल्या गिऱ्हाइकाने आपली साखर घ्यावी म्हणून किलोला दहा रुपयांहून अधिक. साखरेच्या अशा अनुदानांवर ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला आधीच जागतिक व्यापार संघटनेत गेले होते आणि 2021 च्या निकालात आपण हरलो. तेच किलोमागचे दहा रुपये हमीभावाच्या वर मालदांडीला द्या, बीडच्या मोंढ्यात आणि प्रत्येक तालुक्यात जानेवारी ते मार्च काटा लावा, ती ज्वारी इथल्याच रेशनवर आणि अंगणवाडीत वाटा. मग पुढच्या ऑक्टोबरात माजलगावच्या कालव्यावर काय पेरले जाते ते मोजायला मी येतो, आणि लोकसंख्येची चिंता करणाऱ्यांनीही यावे.